आठवणी फ्रेंचमध्ये सांगायच्यात? मग इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून विचार करा

माझी मावशी 68 वर्षांची आहे. तिचं माहेर जुन्या नाशकातलं, सराफ बाजाराच्या मागे वाडा होता त्यांचा, आता तिथे चार मजली बिल्डिंग आहे. तिची नात फ्रान्समध्ये तुलूझला असते, सात वर्षांची, मराठी थोडंफार समजतं पण बोलायला गेली की "आजी जेवलीस का" च्या पुढे गाडी जात नाही, बाकी सगळं फ्रेंच. मागच्या दिवाळीत मावशी फराळाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "तू एवढी पोरांना फ्रेंच शिकवतेस ना, मग मला शिकव. हॉटेलात ऑर्डर कशी द्यायची ते नको, मला तिला वाड्याच्या गोष्टी सांगायच्यात."

मी इंदिरानगरला घरीच क्लास घेते, अकरावी-बारावीची मुलं आणि डेल्फची, म्हणजे फ्रेंच किती येतं ते तपासणारी परीक्षा देणारे. इतकी वर्षं मी भूतकाळ शिकवताना इंग्रजीचा आधार घेत आले कारण मलाही तसंच शिकवलं होतं, पुस्तकंही तशीच असतात. मावशीचं इंग्रजी बेताचं, म्हणून तिला सगळं मराठीतून सांगावं लागलं, आणि ती तीन आठवड्यांत जिथे पोचली तिथे माझी बारावीची हुशार मुलं वर्षभरात पोचत नाहीत. का ते खाली सांगते. तुमची नात परदेशात असो, डेल्फ असो किंवा कामानिमित्त फ्रेंच लोकांशी गप्पा मारायच्या असोत, गोष्ट तीच आहे.

आधी उच्चाराचं. मी सगळं देवनागरीत लिहितेय, तर चंद्रबिंदू दिसला की आवाज नाकातून काढायचा आणि न किंवा म म्हणायचा नाही. "ज" हा जेवणातला नाही आणि जहाजातलाही नाही, "श" म्हणत राहा आणि त्यातच घसा वाजवा, जो आवाज येईल तो. "र" घशातून, गुळण्या करताना येतो तसा. "यू" साठी तोंड "उ" चं आणि आवाज "ई" चा. एवढं पुरे, बाकी ऐकून ऐकून सुधारतं.

आता मुख्य मुद्दा. फ्रेंचमध्ये बोलताना दोन भूतकाळ लागतात, एक "अँपार्फे" आणि एक "पासे कोंपोझे". मुलं इथेच अडकतात कारण इंग्रजीत दोन्हीला बऱ्याचदा क्रियापदाचं एकच रूप येतं. पण मराठीत आपण हा फरक रोज करतो, विचारसुद्धा न करता. बघा ना:

"आम्ही दर उन्हाळ्यात मामाकडे जायचो." "एकदा आम्ही मामाकडे गेलो."

जायचो आणि गेलो, ह्या दोन शब्दांत जो फरक आहे तोच फ्रेंचमधला फरक. जायचो, खायचो, खेळायचो, आई ओरडायची, आजोबा पेपर वाचायचे, हे सगळं अँपार्फे. घर मोठं होतं, अंधार होता, पाऊस पडत होता, मी झोपेत होते, हेही अँपार्फे, म्हणजे जे मागे पडद्यासारखं चालू आहे ते. आणि गेलो, पडलो, पाहिलं, ओरडली, पाणी आलं, फोन वाजला, म्हणजे जे घडलं आणि संपलं ते पासे कोंपोझे. मराठी वाक्य आधी मनात म्हणायचं आणि शेवट ऐकायचा. "-यचो, -यची, -त होतो" ऐकू आलं की अँपार्फे, "-लो, -ली, -लं" ऐकू आलं की पासे कोंपोझे. मावशीला एवढंच सांगितलं, आणि तिने पहिल्याच दिवशी पंचवीसपैकी तेवीस वाक्यं बरोबर लावली.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण देते. "मला माहीत होतं" म्हणजे "ज साव्हे", आणि "मला कळलं" म्हणजे "जे स्यू". फ्रेंचमध्ये दोन्हीचं क्रियापद एकच, साव्हार, फक्त काळ बदलला. मराठीत तर आपल्याकडे वेगळे शब्दच आहेत, मग आपल्याला हे अवघड का जावं? तसंच "जाव्हे पर" म्हणजे मला भीती वाटत होती, आणि "जे यू पर" म्हणजे मी घाबरले, तेव्हाच्या तेव्हा, दचकून.

अँपार्फे बनवायला सोपं आहे, खूप सोपं. वर्तमानकाळातलं "नू" चं रूप घ्यायचं, शेवटचं "ओँ" काढायचं आणि "ए" लावायचं. नू पार्लोँ, ज पार्ले. नू माँजोँ, ज माँजे. नू फझोँ, ज फझे. लिहिताना मी, तू, तो आणि ते यांचे शेवट वेगवेगळे लिहावे लागतात पण कानाला चारही सारखेच, "ए". अपवाद फक्त एकच, एत्र हे क्रियापद, त्याचं "जेते" होतं, मी होतो किंवा होते. आणि "आम्ही" साठी बोलताना "नू" च्या मागे लागू नका, फ्रेंच लोक गप्पांमध्ये "ओँ" म्हणतात आणि त्याचं रूप "तो" सारखंच होतं, तेवढीच मेहनत वाचते. म्हणून मामाकडे जायचोचं झालं "ओँनाले शे मोँनोँक्ल". आता "ओँक्ल" मध्ये मामाही आला, काकाही आला, मावशीचे यजमानही आले, फ्रेंचला त्याचं काही वाटत नाही. मावशीला हे अजिबात पटलं नाही, मामा म्हणजे मामाच, म्हणून तिला "ल फ्रेर द मा मेर" शिकवलं, माझ्या आईचा भाऊ. आठवण सांगताना नातं नीट पोचायला हवंच की.

पासे कोंपोझेमध्ये मात्र एक यादी पाठ करावी लागते. बहुतेक क्रियापदं "जे" घेतात, जे माँजे, मी खाल्लं. पण गेलो, आलो, पोचलो, निघालो, पडलो, जन्मलो, मेला अशी थोडी क्रियापदं "ज स्वी" घेतात. ज स्वी ने आ नाशिक, माझा जन्म नाशिकचा. मराठीत आपण "त्याने खाल्लं" पण "तो गेला" म्हणतो, तो "ने" कुठे लागत नाही हे लक्षात ठेवलं तर यादी अर्धी पाठ झाली समजा, पण सावध राहा, तो हसला आणि तो झोपला यांनाही "ने" लागत नाही आणि फ्रेंचमध्ये ते "जे" कडेच जातात.

मराठी आपल्याला दोन ठिकाणी फसवते, तेही सांगायला हवं. एक म्हणजे आपण "गेलो होतो" फार सैल वापरतो. "काल मी पंचवटीत गेले होते", असं आपण सहज म्हणतो, खरं तर फक्त "गेले" एवढंच सांगायचं असतं. फ्रेंचमध्ये इथे साधा पासे कोंपोझे, "ज स्वी आले". ते "गेले होते" वालं रूप, प्ल्यू-क-पार्फे, तिथेही आहे पण ते फक्त एका घटनेच्याही आधीच्या घटनेसाठी ठेवलेलं आहे, म्हणजे "आम्ही पोचलो तेव्हा गाडी गेली होती" असं खरोखर आधी-नंतर असेल तेव्हाच. दुसरं म्हणजे मुदत सांगितली की. "आम्ही त्या वाड्यात वीस वर्षं राहायचो" असं कुणी म्हणालं तरी फ्रेंचमध्ये वीस वर्षं असा आकडा घालून ते दिवस संपले असतील तर पासे कोंपोझेच येतो, "ओँ ना आबिते व्हँ ताँ". आकडा नसेल तर अँपार्फे. डेल्फवाल्यांनी ह्या दोन जागा पेनाने वहीत लिहून ठेवा.

आता "आठवणं" हा शब्द. इथे दोन क्रियापदं आहेत आणि दोन्ही रोज लागतात. "ज म सूव्यँ द..." आणि "ज म रापेल...". अर्थ एकच, मला आठवतं. फरक हा की पहिल्याला "द" लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. ज म सूव्यँ द ला मेझोँ, ज म रापेल ला मेझोँ, मला ते घर आठवतं. तुम्ही फ्रेंच लोकांना बोलताना "ज म रापेल द" म्हणताना ऐकाल, खूप ऐकाल, पण परीक्षेत ती चूक धरतात. मी मुलांना सांगते सूव्यँ एकच पक्कं करा. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं ब्रीदवाक्यच "ज म सूव्यँ" आहे, 1978 पासून तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं, एका क्लासमध्ये हे सांगितलं तर पुढच्या वेळी कुणी विसरलं नाही. समोरच्याला विचारायचं तर "त्यू त सूव्यँ द...?", तुला आठवतं का, आणि "व्हू व्हू सूव्ने द...?", तुम्हाला आठवतं का. तू-तुम्ही आपल्यासारखंच आहे, सासूबाईंना कुठलं आणि मैत्रिणीला कुठलं हे मला शिकवावं लागत नाही.

एखादा वास, चव, आवाज यावरून काही आठवलं तर "सा म रापेल", यावरून मला आठवतं. सा म रापेल मोँनाँफाँस, यावरून मला माझं लहानपण आठवतं. अशा चवीला फ्रेंचमध्ये "मादलेन द प्रूस्त" असंही म्हणतात, मार्सेल प्रूस्त ह्या लेखकाने चहात बुडवलेल्या छोट्या केकच्या चवीवरून आख्खं बालपण परत आल्याचं लिहिलंय म्हणून. मावशीची मादलेन कुठली असं विचारलं तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, बंबातल्या गोवऱ्यांचा धूर.

नाम वापरताना एक काळजी घ्या. "आठवण" म्हणजे "ल सूव्हनीर", आणि "ला मेम्वार" म्हणजे स्मरणशक्ती. माझी पहिली आठवण, मोँ प्रम्ये सूव्हनीर. माझी सर्वात सुंदर आठवण, मोँ प्ल्यू बो सूव्हनीर. "ल मेम्वार" असं पुल्लिंगी केलं तर त्याचा अर्थ प्रबंध होतो, म्हणून ल आणि ला इथे जपून.

आणि आता "मला तुझी आठवण येते". हे मी सगळ्यात जास्त वेळ शिकवते कारण ह्यात चूक झाली तर अर्थच उलटा होतो. फ्रेंचमध्ये ज्याची आठवण येते तो कर्ता असतो आणि ज्याला येते तो "म", मला. त्यू म माँक. तू, मला, कमी पडतेस. इंग्रजी डोक्यात असलं की "मी" पासून सुरुवात होते आणि "ज त माँक" तोंडातून जातं, त्याचा अर्थ "तुला माझी आठवण येते" असा होतो. मराठीत आपणही "मला" च म्हणतो, "मी" म्हणत नाही, म्हणून "मला" ला घट्ट धरून राहा, म, म, म. मा ग्राँमेर म माँक, मला आजीची आठवण येते. नाशिक म माँक, मला नाशिकची आठवण येते. मावशीने सुरुवातीला घाईत व्हॉइस नोट पाठवली, "ज त माँक". म्हणजे तुला माझी आठवण येते. तिकडून नातीचा छोटासा आवाज आला, "वी, आजी." हो, आजी. मावशीने मला ती नोट चार वेळा ऐकवली आणि चूक समजावून सांगितल्यावरसुद्धा डिलीट केली नाही.

आता गोष्ट उभी करायला जी खुंटी लागते ती. "काँ जेते प्तीत", मी लहान होते तेव्हा, मुलग्यांनी "काँ जेते प्ती" म्हणायचं. "आ लेपॉक", त्या काळी. "शाक एते", दर उन्हाळ्यात. "ल दीमाँश" म्हणजे दर रविवारी, आणि नुसतं "दीमाँश" म्हणजे तो एक रविवार, हा एवढासा "ल" पूर्ण अर्थ बदलतो. नुसतं "दीमाँश" सोडलं तर ह्या सगळ्यांच्या मागे अँपार्फे येतो. मग गोष्टीला वळण देण्यासाठी "अँ जूर", एके दिवशी, किंवा "स जूर-ला", त्या दिवशी, किंवा "तूताकू", अचानक, आणि इथे पासे कोंपोझे सुरू. "इलिया दीझाँ" म्हणजे दहा वर्षांपूर्वी आणि "इलियाव्हे" म्हणजे तिथे होतं, कानाला जवळजवळचे वाटतात, गोंधळ होतो, दोन्ही वेगळ्या दिवशी शिका. शेवटी "सेते ब्यँ", छान होतं, "सेते ल बोँ ताँ", ते दिवसच वेगळे होते, आणि "ज नूब्लिरे जामे", मी कधीच विसरणार नाही.

मध्येच अडकायला होतंच, तर गप्प न बसता हे म्हणायचं: "सी ज म सूव्यँ ब्यँ", मला बरोबर आठवत असेल तर. "ज ले स्यूर ल बू द ला लाँग", अगदी ओठांवर आलंय, फ्रेंचमध्ये जिभेच्या टोकावर असतं. आणि आठवलं की "सा म रव्यँ!", हां, आठवलं. परीक्षकासमोर हे वापरलंत तर तुम्ही अडकलात असं वाटत नाही, तुम्हाला भाषा येते असं वाटतं.

सराव कसा करायचा? जुना अल्बम काढा, मोबाईलमधले फोटो नकोत, ते फार ताजे असतात. एक फोटो घ्यायचा, आधी मराठीत मोठ्याने चार-पाच वाक्यं बोलायची आणि रेकॉर्ड करायची, मग ऐकत ऐकत प्रत्येक क्रियापदाचा शेवट पकडायचा, -यचो की -लो, आणि मग तेच फ्रेंचमध्ये. आधी फ्रेंचमध्ये लिहायला बसू नका, तसं केलं की माणूस येणारे शब्द शोधतो आणि स्वतःची आठवण सोडून पुस्तकातली आठवण सांगायला लागतो, समुद्रकिनारा, सुट्टी, आईस्क्रीम. नाशिकच्या मुलाने समुद्रकिनारा कशाला सांगायचा? त्याने रंगपंचमीची रहाड सांगावी. रहाडीला फ्रेंच शब्द नाही, तर नाही, "अँ ग्राँ बासँ प्लँ दो कोलोरे", रंगीत पाण्याने भरलेला मोठा हौद, आणि "ओँ सोते ददाँ", आम्ही त्यात उड्या मारायचो. माझ्या एका विद्यार्थ्याने हे सांगितलं आणि पुढे त्याला धप्पा, म्हणजे रहाडीत मारलेली उडी, हा शब्दच समजवावा लागला, तो शब्द तसाच ठेवून त्याने हाताने दाखवलं. डेल्फ ए-टू च्या तोंडी परीक्षेत सुमारे दोन मिनिटं सलग एकट्याने बोलायचं असतं आणि लेखीतही स्वतःचा अनुभव लिहायला येतो, निदान 60 शब्दांत, तिथे खरी आठवण असली की शब्द आपोआप मागे येतात.

आणखी एक, वाक्यं छोटी ठेवा. आपण मराठीत एका दमात सगळं सांगतो, फ्रेंचमध्ये सुरुवातीला एका वाक्यात एकच क्रियापद, नंतर जोडता येतं.

मावशीची गोष्ट तयार व्हायला पाच आठवडे लागले. रोज संध्याकाळी एक वाक्य, स्वयंपाक करता करता, पोळी लाटताना म्हणायचं आणि तव्यावर टाकताना परत म्हणायचं. तिची परवानगी घेऊन इथे देते:

"काँ जेते प्तीत, जाबिते दाँ यून ग्राँद मेझोँ." मी लहान होते तेव्हा मोठ्या घरात राहायचे.

"ल मातँ, ओँनाँताँदे ले मार्तो." सकाळी हातोड्यांचे आवाज ऐकू यायचे. जवळच तांबट लोकांची आळी होती, भांडी ठोकायचे, पण तांबटसाठी शब्द शोधत बसलो नाही, हातोडा पुरला.

"काँ इल प्लव्हे, ओँ रगार्दे ला स्तात्यू." पाऊस असला की आम्ही मूर्तीकडे बघायचो. ही मूर्ती म्हणजे आपला दुतोंड्या मारुती, गोदावरीला पूर किती आलाय ते त्याच्यावरून कळतं, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. नातीसाठी जोडलं, "यून स्तात्यू आ द व्हिझाज", दोन तोंडांची मूर्ती.

"अँ जूर, लो एताँत्रे दाँ ला मेझोँ." एके दिवशी पाणी घरात आलं.

"मोँ पेर मा पोर्ते." वडिलांनी मला उचललं.

इथे मी तिला थांबवलं होतं. पोर्ते लिहिताना दोन्ही काळात वेगळं, उच्चार मात्र जवळपास सारखाच, मग नातीला कळणार कसं की उचलायचे की उचललं? तर त्या "मा" वरून. "म पोर्ते" म्हणजे मला उचलायचे, "मा पोर्ते" म्हणजे मला उचललं. एवढासा "आ". मावशी तो "आ" आता इतका मोकळा म्हणते की शंकाच राहत नाही.

"जाव्हे पर. मे ज नूब्लिरे जामे." मला भीती वाटत होती. पण मी कधीच विसरणार नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने हे सांगितलं, मी शेजारी बसले होते पण एक शब्दही सुचवला नाही. नात पूर्ण ऐकत होती, मध्ये एकदाही उठली नाही, आणि शेवटी म्हणाली, "ए आप्रे?" आणि मग?

मावशीने माझ्याकडे बघितलं. पुढचं आम्ही तयारच केलं नव्हतं. मग तिने स्वतःच जोडलं, "आप्रे, ओँ ना दोर्मी स्यूर ल त्वा." नंतर आम्ही गच्चीवर झोपलो. दोर्मी, पासे कोंपोझे, "जे" वाली यादी, बरोबर. आता ह्या आठवड्यात आम्ही गच्चीवरची ती रात्र करतोय.